विभूती लावलेला पिस्टन

१

बाकावर तीनच पिस्टन होते.

काल संध्याकाळी चार होते. धुतलेल्या पंच्यावर पंगतीला बसवल्यासारखे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या माथ्यावर विभूतीचे तीन पट्टे. आज चौथ्याच्या जागी पंच्यावर एक तेलकट गोल तेवढा उरला होता, आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात नागप्पा बिराजदार त्या गोलाकडे बघत उभे होते. साठी ओलांडलेला हा दांडगा मिस्त्री. त्याच्या आवाजाने रस्त्यावरचे ट्रकवाले दचकायचे. आज त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"गेला," ते शेवटी म्हणाले. "सायब, चौथा गेला."

ज्यांना त्यांनी 'सायब' म्हटलं ते यज्ञेश्वरराव देगावकर नुकतेच सायकल भिंतीला लावून आत आले होते. सोलापूरचे वजनमापे निरीक्षक. बाजारात ते दिसले की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग चहा मागवत. चहा ते घेत नसत. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकी खोटी वजनं पकडली होती की खरं वजनही त्यांना आधी संशयितच वाटे. आज मात्र ते कुणाला पकडायला आले नव्हते. अडतीस सालच्या एका मॉरिस गाडीचं इंजिन नागप्पा आज जोडणार होते. ते पाहायला म्हणून स्वारी रजा टाकून आली होती, आणि खोटं कशाला सांगा, जत्रेला निघाल्यासारखी खुशीत आली होती.

"सगळीकडे शोधलं?"

"उंदराच्या बिळात सुदिक हात घातला की."

यज्ञेश्वररावांनी नजर फिरवली. बाकाच्या कडेला त्याच गाडीचा पितळी कार्ब्युरेटर होता, घासून लखलखीत केलेला. शेजारी तांब्याच्या नळ्यांचं वेटोळं. भंगारवाल्याने ज्यावर झडप घालावी असा तो माल जागचा हलला नव्हता. चोराने नेला होता तो एक जुना पिस्टन, ज्याचा अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुठल्याही गाडीला उपयोग नव्हता.

असा चोर त्यांना आजवर भेटला नव्हता.

२

त्या पिस्टनची किंमत कळायची तर कालचा दिवस सांगायला हवा.

गाडी मालतीबाई शेटफळकरांची. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, गावातल्या निम्म्या सासुरवाशिणींना पाढे शिकवलेल्या. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि ह्याच गाडीने ते खेडोपाडी रोगी तपासायला जात. वडील गेले आणि गाडी जी झाकली गेली ती गेलीच. आता बाईंच्या मनाने घेतलं होतं की एकदा, फक्त एकदा, आपण स्वतः ही गाडी चालवत अक्कलकोटला जायचं. त्यांचा पुतण्या रामहरी गाडी मुंबईच्या एका शौकिनाला विकायच्या मागे होता. त्याला बाईंनी सांगून टाकलं होतं, "आधी मी चालवीन. मग तुला हवं ते कर."

इंजिन उघडलं तेव्हा तीन पिस्टन ठणठणीत निघाले. चौथ्याचे तुकडे झाले होते. शहात्तर सालात असल्या गाडीचा नवा पिस्टन विलायतेहून आणायचा म्हणजे गोष्टच सोडा. नागप्पा आणि त्यांचा फिटर संगप्पा ह्यांनी मंगळवार बाजारातलं भंगार चाळून काढलं आणि त्या ढिगात त्यांना चक्क त्याच जातीचे दोन पिस्टन सापडले.

आता ह्या दोघांतला निवडायचा कुठला? मापाला दोन्ही बसत होते. प्रश्न वजनाचा होता. चार पिस्टन एकाच दांड्यावर नाचणार, त्यांत एक जड किंवा हलका निघाला की सगळं इंजिन थरथरतं आणि हळूहळू स्वतःलाच खातं. म्हणून नागप्पांनी निरीक्षकसाहेबांना गाठलं होतं. त्यांच्या कचेरीतला काचेच्या पेटीतला तराजू गावात सगळ्यांत चोख होता.

तो तराजू टांग्यातून, मांडीवर धरून, यज्ञेश्वररावांनी स्वतः आणला होता.

आणि काल दुपारी त्यांनी जे पाहिलं ते आठवलं की अजून त्यांच्या अंगावर काटा येत होता. आधी जुने तीन पिस्टन एकमेकांशी तोलले. काटा मध्यावर. अदलाबदल केली. पुन्हा मध्यावर. दूर देशात कुणा कारागिराने त्यांचं वजन जुळवलं होतं, आणि इतकी वर्षं आगीत वरखाली नाचून झाल्यावरही ते तिघे गव्हाच्या दाण्याइतकेही हटले नव्हते. बाजारातलं किलोचं वजन सालभरात खोटं होतं हे ज्याने रोज पाहिलंय, त्याने हे पाहून काटा पुन्हा पुन्हा निरखला.

मग भंगारातला पहिला पिस्टन ठेवला. पारडं खाली गेलं, तो जड होता, म्हणून भंगारवाल्याला परत द्यायचा ठरला. दुसरा ठेवला, आणि काटा हलला, थांबला, आणि बरोबर मध्यावर उभा राहिला.

"बरोबर!" यज्ञेश्वरराव ओरडलेच. कुठल्या गाडीतून निघालेला, कुठे कुठे फिरलेला, भंगारात पडलेला हा तुकडा, आणि आपल्या तिघा भावांना नेमका जुळला! त्यांनी नकळत हात जोडले.

"देवानंच जोडी धाडली," नागप्पा म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

सुंदरम्मा ही नागप्पांची मुलगी. तिचा नवरा गिरणीत होता आणि दोघं गॅरेजच्या मागच्या घरात नागप्पांजवळच राहत. गॅरेजातल्या जिनसा रॉकेलमध्ये धुवायचं काम आई गेल्यापासून तिच्याकडे आलं होतं. तिने चारही पिस्टन धुऊन पुसून पंच्यावर मांडले. मग नागप्पांनी विभूतीची डबी उघडली. ही ह्या गॅरेजची रीत होती. नागप्पांचे वडील बैलगाडीचे आख घडवत, तेव्हापासूनची. मिस्त्रीने जिन्नस पारखावी, पास झाली की तिच्या माथ्यावर तीन बोटांनी विभूती ओढावी. एकदा विभूती लागली की तिच्याबद्दल कुणी शब्द काढायचा नाही. पास केलेल्या जिनसेवर शंका घेणं म्हणजे विभूतीवर शंका घेणं.

सगळ्यांनी हात जोडले. मालतीबाईंनी जोडले, रामहरीनेसुद्धा जोडले. संगप्पा मात्र खाली मान घालून हातातला पाना पुसत राहिला. यज्ञेश्वररावांनी ते पाहिलं होतं.

नागप्पांनीही पाहिलं होतं.

३

"चोर घरातलाच हाय," नागप्पा आता म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता आणि तो बरा नव्हता. "शटरची किल्ली दोघांकडं. एक माझ्या कमरंला, एक संगप्पाकडं. सकाळी शटर त्यानं उघडलं. काल हात जोडलं न्हाईत त्यानं. सायब, तुमी चोर पकडता. ह्याला विचारा की."

संगप्पा दाराशी उभा होता. कुंभारीहून रोज येणारा, मिसरूड फुटायच्या आधीपासून ह्या गॅरेजात राबलेला. बोलणं त्याचं आधीच कमी, त्यात आज ओठ शिवल्यासारखा.

"संगप्पा, काल हात का जोडले नाहीस?"

"हात काळं होतं, सायब."

"सकाळी आलास तेव्हा काय दिसलं?"

संगप्पाने बाकाकडे पाहिलं. उरलेल्या तीन पिस्टनांवर त्याची नजर जरा रेंगाळली. मग त्याने मागच्या दाराकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"तीन दिसलं."

"आणि चौथा कुणी नेला असेल असं वाटतं?"

"मला ठाव न्हाय."

खोटं वजन हातात घेतल्याबरोबर यज्ञेश्वररावांना कळत असे. हे उत्तरही तसंच कळलं. पण ज्याला स्वतःला वाचवायचं असतं तो माणूस भडाभडा बोलतो. हा तर दुसऱ्याच कुणाला तरी पाठीशी घातल्यासारखा गप्प होता.

तेवढ्यात रामहरी आपली स्कूटर घेऊन हजर झाला आणि चोरीचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. हात मारताना त्याचा चेहरा काही फार दुःखी दिसला नाही.

"आता काय, इंजिन जुळायचंच नाही," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो, विकून टाका."

"काल इथून कधी निघालात?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"आत्याबरोबरच निघालो. रात्रभर तिच्याच घरी होतो, हवं तर विचारा तिला. आणि साहेब, मला इंजिन बिघडवायचंच असतं तर मी तो कार्ब्युरेटर नेला असता. तो जुन्यापैकी एकुलता एक आहे. पिस्टन काय, अजून एक पडलाय की बाजारात!"

हे पोरगं आगाऊ होतं, पण बोललं ते सरळ होतं. नागप्पांना मात्र सरळ-वाकडं काही ऐकायचं नव्हतं. ते संगप्पासमोर जाऊन उभे राहिले.

"किल्ली ठेव," ते म्हणाले. "आन चालता हो. माझ्या घरचं मीठ खाऊन माझ्याच विभूतीवर हात टाकलास. उद्या कुंभारीला येऊन सगळ्या गावापुढं सांगतो, ह्यो चोर हाय म्हणून."

संगप्पाने किल्ली बाकावर ठेवली. कुणाकडेही न पाहता तो निघून गेला. मागच्या दाराशी कुणीतरी हुंदका दाबला.

४

मागच्या अंगणात सुंदरम्मा रॉकेलच्या डब्यापाशी बसली होती. डोळे लाल. यज्ञेश्वरराव येताच उठून उभी राहिली.

"बस, बाई. एवढंच सांग. हे मागचं दार रात्री कसं असतं?"

"नुसती कडी, सायब. घराच्या बाजूनं. घरातलंच दार हाय की ते."

"सकाळी तू गॅरेजात गेली होतीस?"

"रोज जाते. झाडलोट करायला."

"तेव्हा चौथा पिस्टन होता?"

तिने रॉकेलचा डबा उगाच इकडचा तिकडे सरकवला. "संगप्पादादा चोर न्हाय," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून घरात गेली.

डब्याच्या काठावर धुण्याचं फडकं वाळत होतं. यज्ञेश्वररावांनी ते सहज हातात घेतलं. अजून ओलं होतं, आणि त्याला लागला होता करडा, मऊ चिखल. बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला. रॉकेल. आणि त्यात विभूती.

विभूती तर पिस्टन धुऊन झाल्यावर लावली होती. मग ती धुण्याच्या फडक्याला आली कशी?

ते तसेच आत गेले आणि तीन पिस्टनांवर वाकले. काल नागप्पांनी ओढलेले पट्टे त्यांना नीट आठवत होते, रांगोळीच्या जाड रेघेसारखे रुंद. नागप्पांचं एकेक बोट म्हणजे केळंच. आज जे पट्टे होते ते अरुंद होते आणि एकमेकांच्या जवळ. यज्ञेश्वररावांच्या खिशात माप घ्यायचा कॅलिपर कायम असे. त्यांनी पट्टा मोजला. मग आपलं बोट मोजलं. पट्टा बारीक भरला. शटरपाशी उभ्या असलेल्या रामहरीला बोलावून त्याचं बोट मोजलं. तेही जाड.

"म्हणजे मी सुटलो?" रामहरी म्हणाला.

"तुम्ही सुटलात, आणि संगप्पाही. त्याची बोटं तुमच्याहून जाड आहेत."

"पण चोर कोण?"

यज्ञेश्वररावांनी कॅलिपर खिशात घातला. कोण हे त्यांना कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. चोराने एक पिस्टन नेला, आणि उरलेल्या तिघांवरची विभूती पुसून, त्यांना पुन्हा रॉकेलमध्ये धुऊन, पुन्हा नीट विभूती लावली. हा कुठल्या जातीचा चोर, जो चोरी करताना पूजाही करून जातो?

निघताना नागप्पांनी सवयीने त्यांच्या हातावर विभूतीचा खडा ठेवला. तो त्यांनी खिशात टाकला आणि विसरून गेले.

५

रजा असूनही ते कचेरीत येऊन बसले. त्यांच्या टेबलाखाली जप्त केलेल्या वजनांची पेटी होती. चैन पडत नसलं की ते त्यातलं एखादं वजन काढून घासत बसत. आज त्यांच्या हाताला लागलं ते किलोचं एक लोखंडी वजन. शेतकऱ्यांचा माल जास्त तोलून घ्यायला एका लबाड अडत्याने ते तळातून पोखरून भोकात शिसं भरलं होतं, आणि वरून इतकं सफाईने गुळगुळीत केलं होतं की डोळ्याला जोड दिसतच नसे. ते ओळखायला त्यांना तेव्हा कानस घ्यावी लागली होती. आता पुन्हा त्यावर गंज चढला होता.

त्यांनी वजन रॉकेलमध्ये भिजवलं, चोळलं, कोरडं पुसलं. मग खिशात हात गेला आणि विभूतीचा खडा सापडला. काय वाटलं कुणास ठाऊक, गॅरेजातल्यासारखीच त्यांनी ती त्या लबाड वजनाच्या तळाला फासली आणि स्वतःशीच हसले. "जा, तूही पास," ते म्हणाले आणि शेंगाचटणी-भाकरीचा डबा घेऊन बाहेर ओसरीवर गेले.

जेवण उरकून ते परत आले आणि टेबलापाशी थबकले.

वजनाच्या तळावरच्या पांढऱ्या विभूतीत एक काळं वर्तुळ उमटलं होतं. बारीक, रेखीव, सुईने काढावं तसं. शिसं आणि लोखंड जिथे मिळत होते त्या न दिसणाऱ्या फटीत रॉकेल शिरून बसलं होतं, पुसून निघालं नव्हतं, आणि आता विभूतीने ते हळूहळू वर ओढून घेतलं होतं. जी फट डोळ्यांनी दिसली नाही, बोटांना लागली नाही, ती चिमूटभर राखेने लिहून दाखवली होती.

यज्ञेश्वरराव खुर्चीत बसले. वजन त्यांनी उचलून उजेडात धरलं. नोकरीत सगळा जन्म गेला, काचेच्या पेटीतले तराजू वापरले, आणि असा पंच त्यांनी कधी पाहिला नव्हता. काल चार पिस्टनांवरही असंच घडलं असणार. तिघांवर विभूती पांढरीशुभ्र राहिली. चौथ्याच्या माथ्यावर रातोरात काळी रेघ उमटली. सकाळी झाडायला आलेल्या माणसाने ती पाहिली.

"अरे देवा," ते स्वतःशी म्हणाले. "मीच ओरडलो होतो, बरोबर म्हणून."

तराजू खरंच बोलला होता. पण त्याला विचारलं होतं फक्त वजन. पिस्टन आतून धड आहे का, हे कुणी कुणालाच विचारलं नव्हतं.

त्यांनी सायकल काढली.

६

गॅरेजात त्यांनी सगळ्यांना बसवलं. मालतीबाईंना लाकडी खुर्ची दिली, रामहरी टायरवर बसला, नागप्पा बाकाला टेकून उभे राहिले. सुंदरम्मा मागच्या दारात होती. यज्ञेश्वररावांनी काळं वर्तुळ उमटलेलं ते वजन रुमालातून काढून बाकावर ठेवलं आणि ते कसं उमटलं ते सांगितलं. खुर्चीतून उठून मालतीबाईंनी ते हातात घेतलं.

"विलक्षण!" त्या म्हणाल्या. "आणि हे आमच्या पिस्टनवर झालं?"

"झालं असलं पाहिजे. बघा, चोराने पितळ नेलं नाही, तांबं नेलं नाही. नेला तो एकच पिस्टन, जो भंगारातून आला होता आणि ज्याचा पूर्वइतिहास कुणाला ठाऊक नव्हता. मग उरलेल्या तिघांवरची विभूती पुसली, तिघांना पुन्हा धुतलं, पुन्हा विभूती लावली आणि रेघ उमटते का ते पाहत बसला. ज्याला इंजिन मोडायचंय तो माणूस असं कशाला करेल? असं तोच करेल ज्याला ह्या गाडीत बसणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी आहे. शटर फोडलं नाही, म्हणजे तो मागच्या दाराने आला. आणि त्याची बोटं बारीक आहेत."

मालतीबाईंनी वजन परत बाकावर ठेवलं. दूर गिरणीचा भोंगा झाला आणि थांबला.

"सुंदरा?" नागप्पा म्हणाले.

सुंदरम्मा आत गेली आणि ज्वारीच्या कणगीतून पिस्टन काढून घेऊन आली. त्याच्या खाचांत ज्वारीचे दाणे अडकले होते. माथ्यावर नागप्पांच्या जाड बोटांचे तीन पट्टे तसेच होते, आणि त्या तिन्ही पट्ट्यांना आडवी कापत एक काळी रेघ गेली होती.

"सकाळी झाडताना ही रेघ बघितली, अप्पा," ती म्हणाली. "तुमी विभूती लावलेली. फुटलाय असं मी कशी म्हनू? ह्या घरात कुणी म्हटलंय का कदी? पण बाई ह्यात बसून अक्कलकोटला निघनार होत्या. वाटंत ह्याचं तुकडं झालं असतं तर? म्हनलं, गेला म्हनतील, दुसरा शोधतील. आन तुमी संगप्पादादावर आळ घेतला. तवापास्नं घशाखाली पाणी उतरंना."

नागप्पांनी पिस्टन घेतला. दाराशी नेऊन उन्हात धरला, डोळ्यांजवळ आणला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. सगळे पाहत होते आणि सगळ्यांना एकाच वेळी कळलं. त्या ठसठशीत काळ्या रेघेवर त्यांची नजर ठरतच नव्हती.

"दिसंना मला," ते अखेर म्हणाले. "साल झालं, बारीक काय बी दिसंना. हातानं काम चाललं होतं. म्हनलं, हात तर खोटं बोलत न्हाय."

त्यांनी अंगठ्याचं नख माथ्यावरून हळू फिरवलं. नख एका जागी अडखळलं. त्यांनी पुन्हा फिरवलं आणि पुन्हा तिथेच अडखळलं. एवढा मोठा माणूस उन्हात उभ्या उभ्या लहान झाल्यासारखा वाटला, आणि मालतीबाईंनी तोंड फिरवलं.

"नागप्पा," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "माझी घाई नाही. अक्कलकोट कुठे जात नाही."

नागप्पांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी पिस्टन खिशात घातला, टोपी चढवली आणि यज्ञेश्वररावांना म्हणाले, "सायब, चला माझ्यासंगं. कुंभारीला."

"मी कशाला?"

"एकट्यानं जायचं भ्या वाटतंय मला."

७

कुंभारीच्या थांब्यावर एस.टी.तून उतरून ते दोघे चालत निघाले. संगप्पा आपल्या खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडत बसला होता. त्याने दोघांना येताना पाहिलं. उठला नाही. नागप्पा त्याच्या समोर मातीत बसले. यज्ञेश्वरराव जरा दूर दगडावर टेकले.

नागप्पांनी पिस्टन दोघांच्या मध्ये ठेवला.

"तुला ठाव होतं?"

"व्हय."

"कदीपास्नं?"

"काल सुंदरानं धुऊन मांडल्यावर. पान्यानं टिचकी मारली तर तीन टण्ण वाजलं. ह्यो बद्द वाजला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी विभूतीत बोटं घातली होती की, अण्णा. बोललो असतो तर ऐकलं असतं?"

नागप्पांनी बोटाने मातीत एक रेघ ओढली. शेंगांच्या ढिगावर चिमण्या उतरल्या आणि उडाल्या.

"न्हाय," ते म्हणाले. "हाकललं असतं तुला."

"मग हाकललंच की."

यज्ञेश्वररावांना वाटलं, आता हे दोघे एकमेकांच्या अंगावर जातात. तसं काही झालं नाही.

"सुंदरानं काढलाय, हे बी कळलं होतं?"

"पट्टं बघितल्याबरूबर. एवढी बारीक बोटं दुसऱ्या कुणाची हायेत गॅरेजात?"

"मी तुला चोर म्हटलं. गावाफुडं सांगतो म्हटलं. तरी तोंड उघडलं न्हाईस."

"तिचं नाव कसं घेऊ?" संगप्पा म्हणाला आणि पुढची शेंग तोडली.

नागप्पांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले. जन्मात न वापरलेला शब्द होता तो, गंजलेल्या नटासारखा जागेवरून सुटता सुटेना.

"चुकलं माझं, संगप्पा."

संगप्पाचे हात थांबले. त्याने मान वर करून नागप्पांकडे पाहिलं, मग दगडावरच्या साहेबांकडे, की ह्यांनीही ऐकलं का. यज्ञेश्वररावांनी मान हलवली.

"पोरीला ठाव, तुला ठाव," नागप्पा म्हणाले. "सगळी मला जपत बसली, आन मी हितं मोठा मिस्त्री म्हनून मिरवतोय. आता न्हाय. आता मी ऐकतो. बोल."

"काय बोलू?"

"आजपातूर जे जे बोलला न्हाईस ते."

संगप्पा गोंधळला. त्याने एक शेंग तोडली, ती बाजूला ठेवली, घसा साफ केला.

"त्यो दुसरा पिस्टन," तो चाचरत म्हणाला. "बाजारातला. जड म्हनून तुमी सारलात त्यो. टण्ण वाजतोय. जड हाय तर आतनं घासून उतरवता येतंय की. हलका चढवता येत न्हाय, जड उतरवता येतंय. मी भंगारवाल्याला कालच सांगून आलोय, कुणाला दिऊ नको म्हनून."

नागप्पा चकित होऊन बघत राहिले. "कालच?"

"कालच. सायबांच्या तराजूवर घासत घासत आनू, तिघांच्या जोडीला."

यज्ञेश्वररावांच्या डोळ्यांसमोर काचेची पेटी आली, आणि कानशीच्या एकेका हाताबरोबर मध्याकडे सरकणारा काटा. ह्या माणसाने हे सगळं कालच, मुकाट्याने, ठरवून ठेवलं होतं. त्यांना पुन्हा हात जोडावेसे वाटले, आणि ह्या वेळी कुणाला जोडायचे ते त्यांना ठाऊक होतं.

"आनखी?" नागप्पा म्हणाले.

"मॉरिसची टायमिंगची साखळी सैल हाय. बसवायच्या आदी बदलाय पायजे."

"बरं. आनखी?"

"तुमी नट लई आवळता. आटे जातात."

नागप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. "बरं."

"आन डोळं दाखवा डाक्टरला. ह्या आठवड्यात."

"दाखवतो. आनखी?"

संगप्पाचा आवाज आता मोकळा होत चालला होता. शेंगा तशाच राहिल्या. गॅरेजचे पत्रे लेथवर गळतात, दोन पावसाळे झाले. मोठा जॅक एका बाजूला कलतो, कुणाचा तरी पाय जाईल. चहात साखर फार असते. त्या लाल ट्रकचा गियरबॉक्स मोडला तो ड्रायव्हरमुळे नव्हे, आपल्यामुळे. नागप्पा मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. मध्येच कानडीत 'हौदु, हौदु' म्हणत होकार भरत होते, आणि एकदा तर खो खो हसले. आयुष्यात यज्ञेश्वररावांनी पुष्कळ माणसांची लबाडी पकडली होती. पकडला गेलेला माणूस असा तोंडभरून 'आणखी' मागताना ते पहिल्यांदाच पाहत होते.

परतीची एस.टी. आली आणि निघून गेली. संगप्पा तेव्हा कुठे मागच्या सालातल्या ट्रकांपाशी पोचला होता, आणि नागप्पा त्याच्या आधीच्या सालाचं विचारत होते.